बांधावरचं झाड

चेण्यात राहून धरणांचा विचार कशाला करायचा? आमच्या चेणे नदीवर मोठं धरण नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावर पडलेला पाऊस इथून घोडबंदर रस्त्याखालून निघतो आणि थेट वसईच्या खाडीला मिळतो. पण त्याच डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस तुळशी आणि विहार या तलावांत अडतो. थेंब कड्याच्या कुठल्या बाजूला पडला, एवढाच काय तो फरक!

विहारचं काम १८५६ साली सुरू झालं आणि साधारण चार वर्षांत संपलं. तुळशीचा तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे धाकटं भावंडसुद्धा आता दीडशेच्या घरात आलंय. दरवर्षी पावसाळ्यात ‘तुळशी भरला’, ‘विहार भरला’ अशा बातम्या येतात आणि मुंबईकर खूश होतात. मलाही बरं वाटतं. पण हल्ली ती बातमी वाचली की आणखी एक विचार मनात येतो. विहारमध्ये सुमारे २७७० कोटी लीटर पाणी मावतं आणि ते अडवलंय मातीच्या बांधांनी. शिवाय वरच्या अंगाला तुळशी. तो ओसंडला की पाणी विहारमध्ये, आणि विहार ओसंडला की मिठी नदीत. मिठी म्हणजे मरोळ, कुर्ला, धारावी, माहीम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी म्हणजे नाला नव्हे, नदी आहे हे शहराला कळलं.

धरणं फुटतात म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, आणि पुण्यातल्या जुन्या घरांत आजही ‘पुराच्या आधी’, ‘पुराच्या नंतर’ असं बोलतात. चिपळूण तालुक्यातलं तिवरे तर अगदी अलीकडचं, २ जुलै २०१९ च्या रात्रीचं. वीसेक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि महाराष्ट्रभर त्यांची टिंगल झाली.

मला मात्र त्या टिंगलीत पूर्ण सामील होता येईना. आमच्या इथले एक म्हातारे काका पूर्वी भातशेती करायचे. पहिला पाऊस झाला की ते खांद्यावर फावडं टाकून शेताच्या बांधावरून एक फेरी मारायचे. खेकड्याचं भोक दिसलं की लगेच चिखलाने बुजवायचे. "भोक पाडनं हा त्याचा धंदा, बुजवनं हा आपला," असं म्हणायचे.

मातीच्या धरणाचंही तेच. बांधातून थोडं पाणी पाझरणारच. पाझर स्वच्छ आहे तोवर ठीक, गढूळ झाला की समजावं, पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. घुशींची बिळं, वारुळं, सरकलेले पिचिंगचे दगड, तुंबलेला सांडवा... यातलं काहीही एका रात्रीत होत नाही. खेकडा दोषी नसतो. फेरी थांबलेली असते.

आणि इथे माझी खरी अडचण होते. बांधाच्या शत्रूंमध्ये झाडही येतं. मातीच्या बांधावर मोठं झाड वाढलं तर त्याची मुळं आत शिरतात. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. वादळात ते उन्मळलं तर बांधाचा लचकाच निघतो. म्हणून धरणाचा माणूस रोपटं दिसलं की उपटतो. राष्ट्रीय उद्यानात मात्र झाडाला हात लावायचा तर परवानगी हवी, आणि ती हवीच. उद्यानाच्या कुशीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना कुऱ्हाडीचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो.

तरीही बांधावरचं झाड ते रोपटं असतानाच काढलं पाहिजे, असं माझं मत झालंय. जंगल वाचवायचं म्हणून बांध जंगलाच्या स्वाधीन करून चालणार नाही. तो फुटला तर पहिला फटका खालच्या जंगलालाच बसेल, मग वस्त्यांना. उशीर झाला की रोपट्याचा वृक्ष होतो आणि मग तो तोडायला कुणाचाच जीव धजत नाही. माझाही धजणार नाही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. विहारचं ओसंडणारं पाणी पंपाने भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे न्यायची योजनाही महापालिकेने आखली आहे. छानच आहे. पण कायदा बांधावरून चालत नाही, माणूस चालतो. नवीन धरणाला उद्घाटन असतं, कोनशिला असते. बुजवलेल्या बिळाला काहीच नसतं. ते काम नीट झालं तर बातमीसुद्धा होत नाही.

विहारच्या बांधाखाली किती माणसं राहतात आणि त्यातल्या किती जणांना आपण धरणाच्या खाली राहतो हे ठाऊक आहे, कोण जाणे. त्यांच्या वतीने कुणीतरी दर पावसाळ्यात ती फेरी मारत राहो, एवढंच.