बाप भक्तच होता

गुरू केल्याबिगर माणूस पुरा होत नाही, असं आमच्या बीड भागातली जुनी माणसं म्हणायची. कुणी पंढरीच्या वारीत माळ घालून घेई, कुणी गडावरच्या महाराजांचा अनुग्रह घेई. पुढं घरोघरी टीव्ही आला आणि आसाराम बापूंचे फोटो गावातल्या भिंतींवर विठ्ठलाच्या शेजारी लागले. माझ्या चुलतीच्या घरातही होता. दिवाळी झाली की ती चुलत्यासंगं ऊस तोडायला जायची. निघताना फोटोला उदबत्ती लावायची आणि धाकटी पोर आजीच्या हवाली करायची.

ऑगस्ट 2013 मध्ये बातमी आली. जोधपूरजवळच्या आश्रमात बापूंनी 16 वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याची फिर्याद दिल्लीत नोंदवली गेली होती. पारावर लगेच बोलणं सुरू झालं. "धर्म बदनाम करायचा डाव हाय." "पैशासाठी केलं आसंल." "पोर तिथं गेलीच कामून?" एवढ्या बोलण्यात पोरीवर काय गुदरलं असंल, हे कुणाच्या तोंडी आलं नाही.

चुलतीनं मात्र एकच विचारलं, "तिचा बाप कोण?"

बाप भक्तच होता, उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरचा. लेक बापूंच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकायला ठेवलेली. तिला भूतबाधा झालीय, बापूच बरं करतील, असं तिथूनच त्याला सांगण्यात आलं होतं.

ते ऐकून चुलती म्हणाली, "ज्यानं लेक गुरूच्या पदरात घातली, तो उगं आळ घेईल व्हय? त्याची लेकबी पोळली आन् गुरूबी गेला."

त्याच सांजेला तिनं फोटो उतरवला. खिळा तसाच राहिला.

निकाल लागायला पुढं साडेचार वर्षं गेली. मधल्या काळात बापूंविरुद्धच्या खटल्यांतले तीन साक्षीदार गोळ्या घालून मारले गेले. 25 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या कोर्टानं जन्मठेप सुनावली. चुलती त्या निकालासाठी थांबली नव्हती.

आरोप झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. ते कोर्ट ठरवील. पण तोवर गावालाही काम असतं. बोलणाऱ्या पोरीला जवळ घ्यायचं. पारावर तिची उलटतपासणी करायची नाही. तोवर त्या महाराजाला सप्ताहाचं नारळ द्यायचं नाही. 'गावातलं गावात मिटवू' म्हणून बैठक तर बसवायचीच नाही. पोर 18 वर्षांच्या आतली असली, तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारकच आहे.

यानं धर्म बुडत नाही. भोंदू गुरूंना तुकोबांनी कमी झोडपलेलं नाही, आणि त्यांचीच गाथा आम्ही डोक्यावर घेऊन मिरवतो.

आजही दिवाळीनंतर आमच्याकडची गावं निम्मी रिकामी होतात. मागं राहिलेल्या लेकी कुणाच्या तरी भरवशावर असतात. कधी आजीच्या, कधी वसतिगृहाच्या, कधी एखाद्या आश्रमाच्या. पट्टा पडल्यावर आई घरी येते. तेव्हा एखादी लेक दबक्या आवाजात "आई, ते महाराज..." एवढंच म्हणाली, तर हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसणारं माणूस त्या घरात पाहिजे.