जिरीचे नऊ ते सात

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी जिरी घरात आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीमागे चार पिल्लं होती. त्यांची आई आठवड्यापूर्वी गाडीखाली गेली. तिघांना घरं मिळाली, ही उरली. अंगाचा रंग भाजलेल्या जिऱ्यासारखा, म्हणून जिरी. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. दुधाचे २८ दात आलेले, म्हणजे साधारण दोन महिन्यांची. वजन अडीच किलो. लसींचं कार्ड लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "दिवसा घरी कोण असतं?"

आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. खालच्या टिपणांचं कारण तो प्रश्न आहे.

*

हिशोब सोपा आहे. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा. तेवढे तास ते शू धरू शकतं, आणि तेही जास्तीत जास्त. जिरीचे झाले तीन. मी बँकेत, नवरा हिंजवडीला. घराला कुलूप सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, म्हणजे दहा तास.

या दहा तासांचे चार सारखे तुकडे केले. पोळ्यांच्या मावशी पूर्वी सकाळी सातला यायच्या. त्या म्हणाल्या, "ताई, मी साडेअकराला आले तर तिचंही होईल." दोन वाजता शेजारच्या आजी. साडेचारला तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी. मावशींचे पैसे वाढवले, मुलीला महिन्याचे ठरवून दिले. आजींनी पैसे घ्यायला नकार दिला, पण त्यांची बँकेची आणि वीजबिलाची कामं आता माझ्याकडे. पिल्लाकडे बघणं हे काम आहे, ते कुणाच्या भिडेवर उभं राहू नये असं मला वाटतं.

पहिले दहा दिवस मात्र रजा काढली, पाच मी, पाच त्याने.

*

रजेच्या पहिल्या सकाळी हॉलमध्ये रांगत फिरले. जमिनीपासून वीतभर उंचीवरून काय दिसतं ते पाहायचं होतं. सोफ्याखाली केसांचं रबर, एक रुपयाचं नाणं, मोजा, रिमोटमधून पडलेली बटणासारखी चपटी बॅटरी. त्या बॅटरीने मी हादरले. ती गिळली की अन्ननलिकेत अडकून दोन-तीन तासांत आतून भाजते. टीव्हीमागे वायरींचा गुंता, पिल्लाच्या तोंडाच्या बरोबर समोर. कोपऱ्यात मागच्या दिवाळीपासून पडलेली डांबरगोळी.

देवघर आमच्याकडे खाली, चौरंगावर. तिथे कापराची डबी आणि तुपात भिजवलेल्या फुलवातींची वाटी. कापूर कुत्र्याला विषारी, त्याने झटके येतात. फुलवाती तुपाच्या वासाने पिल्लू गिळणारच, आणि कापूस पोटात जाऊन अडकतो. देवघर भिंतीवर गेलं. सासूबाईंना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "देवाला उंचावर काय त्रास होणार आहे? हलव."

*

आजींच्या पिशवीत कायम गोळ्या असतात. त्या आमच्याकडे येताना पिशवी दाराबाहेरच्या खुंटीला टांगतात. हा नियम मीच विनंती करून घालून घेतला. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या रोजच्या गोळ्या. अडीच किलोच्या जिवाला त्यांतली एकसुद्धा फार होते.

खाण्याचंही आजींना आणि मावशींना नीट बसून सांगितलं. कांदा-लसूण नाही, शिजवलेलाही नाही, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका-बेदाणे नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मावशी चपापल्या. शिऱ्यातला बेदाणा आपण प्रेमाने काढून देतो ना, म्हणाल्या. चॉकलेट नाही. बिनसाखरेचं च्युइंगगम तर घरातच नको. त्यातल्या झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

आणि काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही. हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि घातक आहे, ते मीठच जीव घेऊ शकतं. वेष्टन उचलायचं, जिरीला उचलायचं, डॉक्टरांकडे जायचं. फ्रिजवर दोन नंबर चिकटवलेत: दिवसाचे डॉक्टर आणि रात्री उघडा असणारा दवाखाना.

*

स्वयंपाकघर नऊ ते सात जिरीला बंद. कारण ओट्याखालची गॅसची नळी. शेगडी उंच असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण सिलिंडर आणि नळी पिल्लाच्या पातळीवर. निघताना रेग्युलेटर बंद, मग दार बंद. हे दोन्ही मी हात लावून तपासते, नुसतं बघून नाही.

*

वायरीबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून ठेवते. पिल्लाने चालू वायर चावली तर ओठांच्या कडांना भाजतं, ते दिसतं. पण कधी कधी ते उठून शेपूट हलवायला लागतं, आपण सुटलो म्हणतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणून शॉक लागलेलं पिल्लू ठीक दिसलं तरी दाखवायचंच, आणि त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा.

आता निघताना सगळी बटणं बंद, चार्जर कपाटात. फ्रिजची वायर पीव्हीसीच्या जाड नळीतून नेली. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात केलं.

*

जिरीची जागा कोणती? पहिल्यांदा आतली छोटी खोली ठरवली. गाद्या, पाणी, खेळणी ठेवून दार लावलं. दोन तासांनी परतले तर दाराचा खालचा रंग खरवडलेला आणि तिच्या पुढच्या पायाच्या दोन नखांतून रक्त. ती खोली सुरक्षित होती. वायर नव्हती, विष नव्हतं, खिडकी उंच होती. जिरीने स्वतःला दुखावलं ते बाहेर यायच्या धडपडीत. त्या दिवशी मला कळलं की पिल्लापासून वस्तू लांब ठेवणं हे निम्मंच काम आहे.

दुसऱ्या दिवशी लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक आणलं आणि खोलीच्या चौकटीत बसवलं. आता तिला हॉल दिसतो, मुख्य दार दिसतं, माणूस आत आलेलं दिसतं. खरवडणं थांबलं. फाटकाच्या गजांतून तिचं डोकं जातं का ते आधी पाहिलं. डोकं गेलं की पिल्लू जातं, किंवा अडकतं. हीच कसोटी बाल्कनीच्या कठड्याला लावली. तिथे ती जाणारच होती, म्हणून बाल्कनी बंद. कबुतरांची जाळी आहे, पण ती नायलॉनची. दात शिवशिवणारं पिल्लू ती एका दुपारी कुरतडेल.

एकटी असताना गळ्यात पट्टा नाही. पट्ट्याची कडी गजात अडकली तर तिथे सोडवायला कोणी नसतं.

*

वर्तमानपत्रं एका कोपऱ्यात, अंथरूण दुसऱ्यात. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, म्हणून दोन्हींत अंतर. सुरुवातीला सगळीकडे ओलं. मावशींनी एकदाही तिच्यावर हात उगारला नाही की तिचं नाक त्यात घासलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. बारा दिवसांत कोपरा कळला.

*

फिनेलने पिल्लांच्या पार्व्हो या आजाराचा विषाणू मरत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. १९७८च्या सुमारास हा आजार जगभर पसरला. विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांवरून घरात येतो. ब्लीच चालतं, एका भागाला तीस भाग पाणी, पुसून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसून फरशी पूर्ण कोरडी होईपर्यंत जिरी बाहेर. चपला दाराबाहेर, पाहुण्यांच्याही.

लसींचे डोस सोळा आठवड्यांची होईपर्यंत पुरे होत नाहीत. तोवर रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पण इथे एक पेच आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून पाहिली, त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात ज्याने माणसं पाहिली नाहीत ते पुढे माणसांना बिचकतं. म्हणजे चार भिंतींत सांभाळून ठेवलेलं पिल्लू जंतूंपासून वाचतं आणि भित्रं होतं.

आम्ही काढलेली वाट अशी: संध्याकाळी तिला शालीत गुंडाळून कडेवर घ्यायचं आणि चौकातल्या बाकावर वीस मिनिटं बसायचं. रिक्षा, शाळेची मुलं, कुकरच्या शिट्ट्या, देवळातली घंटा, हेल्मेट घातलेली माणसं. पाय जमिनीला लागत नाहीत, कान-डोळे-नाक मात्र सगळं घेतात. दिवसभराच्या एकटेपणानंतर तिला या वीस मिनिटांची गरज असते, हे तिच्या अंगाच्या थरथरीवरून कळतं. आठव्या दिवशी थरथर गेली.

*

एकटं राहणं शिकवावं लागतं. रजेच्या दिवसांत रोज सराव केला. बाहेर जायचं, दार लावायचं, तीस सेकंदांत परत. मग दोन मिनिटं, पाच, वीस, तास. जाताना निरोपाचा सोहळा नाही, आल्यावर गळाभेट नाही. हे मला सर्वांत जड गेलं.

जुना मोबाइल फाटकासमोर ठेवून रेकॉर्डिंग केलं. पहिली वीस मिनिटं ती दाराकडे बघत कुंईकुंई करते. मग एक सुस्कारा टाकते, तो स्पष्ट ऐकू येतो, आणि माझ्या जुन्या सुती साडीवर झोपते. साडीची घडी मी आठ दिवस धुतलेली नाही. एवढं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, त्यामुळे अडीच तास तिला पेलतात. पाच तास गेले असते का? रेकॉर्डिंगमध्ये साडेअकराच्या आधी दहा मिनिटं ती उठून बसलेली दिसते आणि फाटकाला नाक लावते. मला नाही वाटत गेले असते.

*

साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडतात, ४२ पक्के येतात, सात महिन्यांपर्यंत हे चालतं. या काळात चावणं म्हणजे खोड नव्हे, हिरड्या सळसळतात. काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं आणलं. अमेरिकेतल्या जो मार्कहॅम यांचा कुत्रा दगड चावून दात घालवत होता. १९७०च्या दशकात त्यांनी त्याच्यासमोर फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी सुटा भाग टाकला, कुत्र्याने दगड सोडला, आणि त्यातून हे खेळणं आलं. त्यात आम्ही शिजवलेला लाल भोपळा आणि दही भरून रात्री फ्रीजरला ठेवतो. सकाळी नऊला तिच्यासमोर. गार रबराने हिरड्यांना बरं वाटतं आणि पहिल्या त्या वीस मिनिटांतली पंधरा निघून जातात.

दोरीची आणि शिवलेल्या डोळ्यांची खेळणी फक्त आमच्यासमोर. चिप्सचं रिकामं पाकीट कचऱ्यात टाकण्याआधी कापून सपाट करते. त्यात तोंड अडकून कुत्री गुदमरतात.

*

एप्रिल. आंबे आले. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत कोय काढायला पोट उघडावं लागतं, पावसाळ्यात दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस काढायला. दोन्हींना वास छान, दोन्ही आतड्यात जाऊन बसतात. कचऱ्याचा डबा आता मोरीत, दाराला कडी.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, ते धापेवरच गार होतं. चाळिशीला टेकलेल्या दुपारी पंखा बंद पडला तर बंद खोली तापते. पश्चिमेच्या खिडकीला ओला पडदा, पाण्याची दोन भांडी, दोन्ही जड, कारण एक ती उलटं करतेच. गुरुवारी जिरी आजींकडे असते, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

*

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा. त्याच्या ११व्या कलमात कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर मालक गुन्हेगार. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. रक्कम इतकी जुनी आहे की तिची कुणाला भीती वाटणार नाही, आणि ती वाढायलाच हवी. स्वीडनमध्ये नियम आहे की घरातल्या कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यायचं, पिल्लांना त्याहून लवकर. आपल्या कायद्यात तास लिहिलेले नाहीत.

*

परवा ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणाला, "आम्ही दोघंही नोकरी करतो, पिल्लू घ्यायचंय, एखादी खोली नीट केली की झालं ना?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. खोली आठवड्यात नीट होईल. आधी दुपारी दार उघडणारं माणूस ठरवा, त्याला किल्ली द्या. असं माणूस नसेल तर पिल्लू आणू नका. शेल्टरमध्ये दोन-तीन वर्षांची, शांत, दुपारभर झोपणारी कुत्री घराची वाट बघत आहेत, त्यांतलं एक बघून या.