आधी टॅली, मग उबंटू

घाटकोपरला आमच्या सोसायटीतली मुलं इंजिनीअरिंगला गेली की लॅपटॉप घेऊन येतात. "काका, उबंटू टाकू की मिंट?" मी आधी विचारतो, "घरी टॅली कोण वापरतं?"

उपनगरातल्या वन-बीएचकेत लॅपटॉप एकट्याचा नसतो. दिवसा मुलाचे प्रोग्राम, रात्री वडिलांच्या दुकानाचे हिशेब. टॅली विंडोजवरच चालतं, म्हणून विंडोज राहणार. उबंटू असो वा मिंट, लिनक्सने तिच्या शेजारी यायचं, आणि येताना तिच्या एकाही फाइलला धक्का लावायचा नाही. या कामातलं सगळं कौशल्य मला इथेच दिसतं.

त्यामुळे बराच वेळ पेन ड्राइव्ह लावण्याआधीच जातो. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग विंडोजचा डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर. नव्या लॅपटॉपांत तो पुष्कळदा मालकाला पत्ता न लागता चालू असतो. बायोसमध्ये बदल केला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आधीच कागदावर उतरवायची. फास्ट स्टार्टअप बंद करायचं, कारण ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा अवस्थेत लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं. आणि सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. आपलं सामान कुठे ठेवलंय ते तिलाच ठाऊक.

काही इंटेल लॅपटॉपांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये स्टोरेज आरएसटीवर असतं, ते एएचसीआयवर आणावं लागतं. पण त्याआधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून ठेवायचं, नाहीतर निळा पडदा ठरलेला.

एवढं झालं की निवड सोपी. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. नुकताच बाजारात आलेला असेल तर फेडोरा, तिथे नवा कर्नल लवकर मिळतो; पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते. परीक्षेच्या तोंडावर अपग्रेड करत बसणं विद्यार्थ्याला परवडत नाही. त्याला मी उबंटू एलटीएसच देतो. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. कुठलीही घ्या, आधी पेन ड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज, झाकण मिटल्यावरची झोप आणि मराठी अक्षरं तपासा. वाय-फाय तिथे लागलं नाही, तर इन्स्टॉल केल्यावर आपोआप लागेल या आशेवर राहू नका.

नंतर एक तक्रार हमखास येते: विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल'ची एक आज्ञा दिली की दोन्हींचं जुळतं.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे धडधाकट लॅपटॉप घरोघरी पडून आहेत. ते भंगारात घालू नका. मिंट टाका आणि शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्या. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, फुकट.