उजवीकडची साइडकार

आमच्या घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जुने फोटो ठेवलेले आहेत. शब्बाथ सुटला की नातवंडं तो डबा कपाटावरून खाली काढतात. गेल्या हिवाळ्यात धाकट्या नातवाने त्यातले दोन फोटो शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाला, "आजी, यातला एक उलटा छापलाय."

पहिला फोटो मुंबईचा, १९६८ सालचा. भायखळ्याच्या चाळीसमोर आमच्या सासऱ्यांची लॅम्ब्रेटा उभी आहे. तिच्या डाव्या बाजूला साइडकार आणि साइडकारमध्ये आमच्या दोन नणंदा रिबिनी बांधून बसल्या आहेत. दुसरा फोटो कुवेतचा, १९८२ सालचा. जुनी होंडा मोटारसायकल, साइडकार उजव्या बाजूला, आणि तिच्यात याच नातवाचा बाप, पाच वर्षांचा, एक पाय सरळ पुढे पसरून बसलेला.

फोटो उलटा नाही. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हे लिहायला बसलो. ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांना घरच्यांनी वाचून दाखवावं.

बालमित्रांनो, साइडकार म्हणजे दोन चाकांच्या गाडीला बाजूने जोडलेला, एका चाकावरचा छोटा डबा. त्यात एक मोठं माणूस किंवा दोन पोरं बसतात. आमच्या तरुणपणी मुंबई-पुण्यात मोटार परवडणारी माणसं थोडी. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. ती मिळाली की साइडकार लावायची आणि सगळं कुटुंब घेऊन चौपाटीवर जायचं. पुढे उभा मुलगा, मागे बायको, बाजूला आजी आणि आजीच्या मांडीवर टिफिनचा डबा! भारतात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून साइडकारही डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. कुवेतमध्ये गाड्या उजवीकडून चालतात, जशा इथे इस्राएलमध्ये. म्हणून तिथे साइडकार उजवीकडे.

आता ती का लावावी लागली ते सांगतो.

१९७८ साली आम्हां दोघांना कुवेतचं काम मिळालं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले होते, तिकडे नवी इस्पितळं, नवे रस्ते बांधले जात होते आणि माणसं हवी होती. आम्ही नर्स, आमचे हे मोटार मेकॅनिक. यांना शुवैखच्या औद्योगिक भागात एका गॅरेजमध्ये काम लागलं. आम्ही नर्सेसच्या होस्टेलमध्ये, हे सहा जणांच्या एका खोलीत. दोन वर्षांच्या मुलाला न्यायचं कुठे? त्याला कोकणात आमच्या आईकडे ठेवलं, तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात. "वर्षभरात नेतो गं," असं आईला सांगून निघालो.

पोलिओच्या थेंबांचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यायचे असतात. पहिला डोस आम्ही स्वतः मुंबईत पाजला होता. पुढचे राहिले. ती लस थंडच ठेवावी लागते, गावात वीज कधी असे कधी नसे, तालुक्याला जायचं तर होडी नाहीतर एसटी. १९७९ च्या पावसाळ्यात मुलाला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. आईचं पत्र आमच्या हातात पडायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत आम्ही वॉर्डात दुसऱ्यांच्या मुलांची अंगं पुसत होतो. याबद्दल आईला आम्ही कधी बोल लावला नाही. लावायचा असता तर तो आम्हांलाच लागत होता. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ती बातमी आली तेव्हा आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त रेडिओचा आवाज वाढवला.

मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत त्याला कॅलिपर मिळालं. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट. १९८१ मध्ये आम्हांला साल्मियात दोन खोल्या मिळाल्या आणि मुलगा कुवेतला आला. विमानतळावर तो आईचा पदर सोडीना. आम्ही त्याला परकेच होतो.

यांच्याजवळ तेव्हा परत गेलेल्या एका माणसाकडून घेतलेली साडेतीनशे सीसीची होंडा होती. मोटार घेण्याइतके पैसे नव्हते. पगारातला मोठा भाग घरी जाई आणि बाकीचा पायाच्या उपचारांना. मुलाला मोटारसायकलवर मागे बसवून पाहिलं. मांडीत जोर नाही, त्यामुळे पाय पायदानावर ठरेना, सारखा घसरे. पुढे टाकीवर बसवलं तर कॅलिपर हँडलला अडके. शेवटी एका रात्री जेवताना हे म्हणाले, "बाबांच्या लॅम्ब्रेटाला होती तशी साइडकार करू."

साइडकार करणं म्हणजे पत्र्याचा डबा बोल्टने अडकवणं असं आम्हांला वाटलं होतं. तसं नसतं. गॅरेज बंद झाल्यावर रोज दोन-तीन तास, असा दीड महिना लागला. एक पठाण वेल्डर आणि केरळचा एक डेंटर मदतीला होते. दोघांनी मजुरी घेतली नाही; आम्ही मटण आणि भाकऱ्या पोचवत होतो. लोखंडी पाइपचा सांगाडा केला, तो मोटारसायकलला चार ठिकाणी पकडला: दोन जोड खाली, दोन वर. तीनच जोड ठेवले तर हिसका बसला की सांगाडा पिळवटतो, असं हे म्हणत. चाक भंगारातल्या दुसऱ्या मोटारसायकलचं. डब्याचं नाक मुद्दाम लांब ठेवलं, पाय सरळ पसरता यावा म्हणून.

मग जुळणी. साइडकारचं चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या रेषेत लावत नाहीत, सुमारे वीतभर पुढे घेतात. ते अगदी समांतरही ठेवत नाहीत, पुढून किंचित आत वळवतात, नाहीतर गाडी सारखी साइडकारच्या बाजूला ओढते. यांनी दोन लांब सरळ फळ्या घेतल्या. एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवली, दुसरी साइडकारच्या चाकाला. दोन्ही फळ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजलं. पुढे दोन सेंटिमीटर कमी येईपर्यंत पाने सैल करायचे, पुन्हा आवळायचे. मोटारसायकल स्वतः साइडकारपासून किंचित बाहेर कललेली ठेवायची, म्हणजे वजन पडलं की ती सरळ उभी राहते. वॉर्डात मोडलेलं हाड ओढून वजनं लावतात ना, तसंच ते काम आम्हांला वाटलं. एक वजन बदललं की बाकी सगळं पुन्हा बघायचं.

पहिल्या दिवशी हे एकटेच घेऊन निघाले. साइडकार रिकामी. लहानपणापासून वडिलांच्या स्कूटरवर शिकलेला हात, म्हणजे डाव्या साइडकारचा हात. तिथे डावीकडे वळताना सांभाळायचं असतं, कारण आतल्या बाजूचं चाक उचलतं. इथे सगळं उलट. उजव्या वळणावर हे नेहमीच्या वेगाने वळले आणि साइडकारचं चाक जमिनीपासून हातभर वर गेलं. गाडी फुटपाथवर चढली. गुडघा सोलला, मनगट सुजलं. आम्ही घरीच ड्रेसिंग केलं आणि खरं सांगतो, खूप रागावलो. "मूल आत असतं तर?" असं ओरडलो.

हे शांतपणे म्हणाले, "मूल आत असतं तर चाक उचललं नसतं. रिकामी होती म्हणून उचललं."

ते अगदी खरं होतं. साइडकार भरलेली असली की स्थिर असते, रिकामी असली की घात करते. दुसऱ्या दिवशी यांनी बासमतीचं रिकामं पोतं घेतलं आणि पंचवीस किलो वाळू भरली. कुवेतमध्ये वाळूला काय तोटा! ते पोतं डब्यात, बाहेरच्या अंगाला बांधून ठेवलं. चार शुक्रवार सकाळी मोकळ्या मैदानावर पोतं फिरवलं. उजवीकडे वळताना वेग आधीच कमी करायचा, अंग साइडकारकडे झुकवायचं. ब्रेक लावला की गाडी डावीकडे जाते, वेग दिला की उजवीकडे, ते हँडलने सावरायचं. साधी मोटारसायकल वळणावर आडवी होते. ही होत नाही, हिला हँडल धरून वळवावं लागतं. हे घरी येत तेव्हा दंड भरून आलेले असत. तिसाव्या वर्षी पहिल्यापासून शिकले.

आम्हांलाही शिकावं लागलं. मुंबईत बायका मागे एका अंगाला बसत, पाय डावीकडे सोडून. साइडकार डावीकडे असल्यामुळे मूल डोळ्यांसमोर राही. कुवेतमध्ये तसं बसलो तर पाठ साइडकारकडे, म्हणजे मुलाकडे. पुन्हा एकदा त्याच्याकडे पाठ करून बसणं आमच्याने होईना. मग शेजारच्या पंजाबी बाईंकडून सलवार शिवून घेतली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागलो. उजवं वळण आलं की हे नुसतं "हं" म्हणत आणि आम्ही दोघं एकदम उजवीकडे झुकत असू. मुलगाही आतून झुके. त्याला तो खेळच वाटे.

त्याला पहिल्यांदा बसवलं त्या दिवशी घरातल्या घरात मलिदा केला, पोहे-नारळाचा. मग अरबी आखाताच्या किनाऱ्याच्या रस्त्याने हळूहळू गेलो, १९७९ मध्ये खुले झालेले कुवेत टॉवर बघायला. मुलगा पंधरा किलोचा, त्याचं वजन पुरेना, म्हणून वाळूचं पोतं त्याच्या पाठीमागे तसंच ठेवलं होतं. येताना तो झोपला. घरी उचलून घेतलं तेव्हा डोळे मिटलेले असतानाच त्याने आमच्या गळ्यात हात टाकला. कुवेतला येऊन त्याला पाच महिने झाले होते. तोवर तो स्वतःहून आमच्याकडे आला नव्हता.

त्यानंतर आठ वर्षं ती गाडी चालली. शाळा, व्यायामाचं केंद्र, बाजार. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की पोळी भाजावी. म्हणून डबा पांढरा रंगवला, आत जुनी गोधडी घातली, आणि उन्हाळ्यात फक्त पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर बाहेर पडायचं. धुळीचं वादळ उठलं की ताडपत्री. शुक्रवारी मात्र दिवा लावायच्या आधी घरी, हा नियम. मुलगा वाढला तसं डब्याचं नाक एकदा कापून सहा इंच वाढवलं. पंचवीस किलो वाळूतली वाळू दर वर्षी थोडी थोडी कमी केली. तो दहा वर्षांचा झाला तेव्हा पोतं काढून टाकलं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या दिवसांत साइडकारमध्ये मुलगा बसला नाही. त्यात पाण्याचे कॅन, सहकारी सोसायटीतून मिळेल ते पीठ, आणि एकदा शेजारची बाळंतीण बसली. मुलगा म्हणाला, "मी चालतो." चौदा वर्षांचा होता, कुबडी घेऊन चालला. सप्टेंबरमध्ये आम्ही बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या हद्दीवर पोचलो. तिथून अम्मान आणि अम्मानहून विमानाने मुंबई. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भारताने अशी सुमारे १,७०,००० माणसं परत आणली. निघताना मोटारसायकलची किल्ली यांनी खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन शेजाऱ्याला दिली. बाकी काही सांगितलं नाही, एवढंच समजावलं: "रिकामी चालवू नकोस. आत काहीतरी ठेव." त्या गाडीचं पुढे काय झालं ते आम्हांला कळलं नाही.

१९९२ मध्ये आम्ही इस्राएलला आलो. मुलगा आज हाताने चालवायची यंत्रणा बसवलेली मोटार चालवतो, आम्हांला दवाखान्यात नेतो-आणतो. हे आता म्हातारे झालेत. मुलाच्या शेजारी बसले की उजव्या वळणावर अजून अंग उजवीकडे झुकवतात. मुलगा हसतो आणि तोही झुकतो. मोटारीला त्याची काही गरज नाही.

नातवाला हे सगळं सांगितलं. त्याने दोन्ही फोटो पुन्हा बघितले आणि विचारलं, "आजी, वाळूचं पोतं कुठंय?" ते फोटोत दिसत नाही. ते त्याच्या बापाच्या पाठीमागे आहे.

आपल्या वाचकांपैकी मुंबई, पुणे, ठाण्यात कुणी साइडकारमध्ये बसलं असेल, तर त्यांनी या पानावर जरूर लिहावं. आमच्या नातवंडांना वाचून दाखवू. सर्वांना शालोम.