पाहणारे आणि नाचणारे

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, १०८ करणांची लक्षणे सांगणाऱ्या चौथ्या अध्यायात, ऋषींनी एक शंका उपस्थित केली आहे : गीताचा अर्थ ज्यातून प्रकट होत नाही, ज्याला स्वतःचा असा आशय नाही, त्या नृत्ताचे प्रयोजन काय? नृत्ताला अर्थाची अपेक्षाच नाही, ते शोभा निर्माण करते, सर्व लोकांना ते स्वभावतः प्रिय आहे आणि विवाह, अपत्यजन्म अशा मंगलप्रसंगी ते इष्ट आहे, असे त्याचे उत्तर तेथेच दिलेले आहे. कथक शिकवण्यात आणि लोकनृत्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या मला छळणारा प्रश्न या उत्तरातूनच उद्भवतो. जे स्वभावतः प्रिय आहे ते करण्यास आमचा सुशिक्षित, सुस्थित, एरवी चारचौघांत निःसंकोच बोलणारा मराठी माणूस इतका का कचरतो? लग्नघरी वाजंत्री सुरू होताच त्याची पावले ठेका धरतात, मान डोलू लागते, आणि कोणी हात धरून पुढे ओढले की तोच गृहस्थ खुर्ची घट्ट धरून म्हणतो, “मला नाही हो येत.”

हा दोष देहाचा नव्हे. भाषा येण्यापूर्वीच तान्हे मूल तालावर हातपाय हलवू लागते. डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर, भात तयार होण्याच्या दिवसांत, वाळलेल्या दुधीचा आणि बांबूचा तारपा वाजू लागला की त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात, आणि ज्यांच्या पायांत बळ आहे ते सारेच त्यात ओढले जातात. तेथे “येत नाही” हे वाक्य माझ्या कानी कधी आले नाही. सगळ्यांची तोंडे वादकाकडे असतात आणि वादक सगळ्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे नाचणाऱ्याला निरखीत बाजूला बसलेला असा कोणी उरतच नाही. फेराच्या या रचनेला मी फार महत्त्व देते, कारण आमच्याकडे ती मोडली आणि नाचणारे व पाहणारे अशी समाजाची वाटणी झाली.

ती वाटणी जातीची होती आणि द्रव्याचीही. उत्तर पेशवाईत कलावंतिणींना बिदाग्या मिळत, नाटकशाळा बाळगणे वैभवाचे लक्षण समजले जाई, आणि ज्या बैठकीत धनिकाने लोडाला टेकून पाहायचे, त्याच बैठकीत नाचणारीने आपल्या अब्रूवर कायमचे पाणी सोडायचे, असा एकतर्फी व्यवहार होता. कोल्हाटी, महार, मांग या जातींतील कलावंतांच्या अंगी जी विद्या होती ती सर्वांनी पाहिली, तिच्यावर सर्वांनी प्रेम केले, परंतु तिच्या मालकांना कोणी पंक्तीला घेतले नाही. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्णी घराण्यातील श्रीधर फडावर जाऊन पठ्ठे बापूराव झाला तेव्हा त्याच्या ज्ञातीने त्याला परका ठरवले, हे सर्वश्रुत आहे. तमाशातील नाच्याचे नाव तर पुरुषाला हिणवण्यासाठी वापरात आले. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला मुली वाहण्याची चाल बेकायदेशीर ठरवली, आणि तो कायदा सर्वथैव न्याय्य होता. मात्र शोषणाविषयीचा जो तिरस्कार शोषकाच्या वाट्याला जायला हवा होता, त्यातला बराचसा नृत्याच्याच माथी बसला.

तरीही घरंदाज म्हणवणारी घरे नाचली नाहीत असे मुळीच नाही. श्रावणातल्या मंगळागौरीला, पुरुष माणसे बाहेर गेल्यावर, त्याच घरांतील लेकीसुना झिम्मा, फुगडी आणि पिंगा यांनी रात्र जागवीत. गोव्यात पौष महिन्यात स्त्रिया मांडावर धालो खेळत आल्या आहेत. तालमीतली मुले मिरवणुकीत लेझीम घेऊन तासन्‌तास उड्या मारीत. आणि आषाढीच्या वाटेवर साठीचा शेतकरी अनोळखी वारकऱ्याचे हात धरून फुगडी घालतो तेव्हा त्याच्या मनाला संकोच शिवत नाही. व्रत, व्यायाम किंवा भक्ती यांपैकी एखादी सनद हाती असली की मराठी देह मोकळा होतो, हे माझे निरीक्षण आहे. निव्वळ आनंदासाठी नाचण्याची सनद मात्र आम्ही कोणालाच दिली नाही, आणि भरतांनी तर नेमकी तीच दिली होती.

रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली आणि त्यांच्यासारख्यांच्या तपश्चर्येने नृत्य ही मध्यमवर्गीय घरांत विद्या म्हणून मान्य झाली. माझा व्यवसाय, माझी प्रतिष्ठा, सारे त्या पिढीच्या ऋणात आहे. पण विद्या म्हटली की गुरू आला, परीक्षा आली, आणि जो शिकला नाही त्याला अधिकार नाही ही समजूतही आली. आजी नाचली नाही ती अब्रू जाईल म्हणून. नात नाचत नाही ती चुकेल म्हणून. या दुसऱ्या भीतीचा भार आम्हा नृत्यशिक्षकांवर आहे, आणि ती पहिलीपेक्षा अधिक चिवट आहे असे मला वाटते, कारण तिच्या बाजूने गुणवत्तेचा युक्तिवाद उभा राहतो. आता तर प्रत्येक लग्नात शेकडो मोबाइल उंचावलेले असतात. पूर्वी पाहणारा रात्र संपली की घरी जाई, आता त्याची नजर चित्रफितीत कायम राहते.

म्हणून प्रौढांच्या वर्गात प्रारंभीचे काही आठवडे मी आरसे झाकते, रांगा मोडून फेर करवते आणि तबलजीला मध्यभागी बसवते. बाजूला बसून पाहण्याची मुभा कोणालाही नसते, मलाही नसते. तत्कार पुढे शिकवता येतो. लग्नघरच्या वडीलधाऱ्या मंडळींना माझे हेच सांगणे आहे : वाजंत्री मंचावर न चढवता मध्ये घ्यावी, खुर्च्या भिंतीलगत हलवाव्यात, पहिला अर्धा तास मोबाइल खिशातच राहतील असे पाहावे, आणि फेरातले पहिले पाऊल घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने टाकावे.