बोरीचं इंजन आणि दर्यातला ट्रॉलर

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या बरं! परभणी शोधा आणि तिथून वर जिंतूरकडे बोट न्या. वाटेत बोरी लागेल. काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन असं हे जिंतूर तालुक्यातलं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या ओढ्यानाल्यांचं पाणीसुद्धा मुंबईच्या समुद्राला जात नाही. ते गोदावरीला मिळतं आणि तिच्यासोबत थेट आंध्रातून बंगालच्या उपसागराला जातं.

मग बोरीच्या मुलांना मासेमारीच्या ट्रॉलरची माहिती कशाला, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. ट्रॉलरचं काळीज बोरीकरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे डिझेल इंजिन! आपल्याकडे ज्याला सगळे ‘इंजन’ म्हणतात, तेच. विहिरीवरचं इंजन पाणी उपसतं, ट्रॉलरचं इंजन पाण्यातला पंखा फिरवतं. आणि दोन्हीकडे घरातल्या मोठ्या माणसांना एकच काळजी असते: डिझेलचा खर्च भागून हातात काय उरणार?

चला, प्रत्यक्षच पाहू. परभणीहून रात्रीची रेल्वे पकडली की सकाळी मुंबई. तिथून कुलाब्याला ससून डॉक जवळच. हा डॉक १८७५ साली सुरू झाला. अजून शंभर पावलं दूर असाल तोच मासळीचा वास तुम्हांला सांगेल, की आलात! पहाटेपासून लिलाव चालू असतो. टोपल्या, बर्फाचा चुरा, ओली फरशी, मोठमोठ्यानं ओरडून सांगितलेले भाव. धक्क्याला रंगीबेरंगी बोटी एकीला एक लागून उभ्या असतात.

ट्रॉलर म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं समुद्रात ओढत नेणारी बोट. बोटीवरच्या प्रमुखाला ‘तांडेल’ म्हणतात आणि त्याच्या हाताखाली खलाशी असतात. निघताना ते डिझेल, बर्फ, पिण्याचं पाणी आणि शिधा भरून घेतात आणि कित्येक दिवस दर्यावर राहतात. या सगळ्यात सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. मासे मिळोत न मिळोत, इंजिन डिझेल पितच राहतं. खेप रिकामी गेली, तर मालकाच्या डोक्यावर कर्ज चढतं आणि खलाशांच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

म्हणून हुशार तांडेल काय करतो? तो घाई करत नाही! गंमत वाटली ना? आता एक गणित करू. समजा, एक बोट ताशी १५ किलोमीटर वेगानं जाताना तासाला २० लिटर डिझेल जाळते. मासेमारीची जागा १३५ किलोमीटर दूर आहे. म्हणजे ९ तास आणि १८० लिटर. आता तांडेलानं वेग थोडा उतरवला, ताशी साडेतेरा किलोमीटर केला. पाणी कापायला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तशीच कमीही होते. वेग ०.९ पट झाला, तर ताकद ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे जवळजवळ ०.७३ पट. तासाला २० ऐवजी साधारण साडेचौदा लिटर पुरलं. वेळ १० तास लागला, म्हणजे एकूण सुमारे १४६ लिटर. एक तास जास्त गेला, पण ३४ लिटर डिझेल वाचलं. परतताना तेवढंच पुन्हा!

दुसरी युक्ती म्हणजे उगाच भटकायचं नाही. परभणीहून उलट दिशेच्या गाडीनं गेलात, तर हैदराबाद लागतं. तिथे ‘इन्कॉइस’ ही संस्था आहे. उपग्रहांनी मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग पाहून मासे कुठे सापडण्याचा संभव आहे, ते ती मच्छीमारांना कळवते. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरातून दर्यावरच्या बोटीचं डिझेल वाचतं, आहे की नाही नवल?

तिसरी युक्ती बोटीच्या तळाशी लपलेली आहे. खाऱ्या पाण्यात लाकडावर शेवाळ धरतं आणि बार्नॅकल नावाचे कवचवाले जीव चिकटतात. तळ खडबडीत झाला, की तेवढ्याच वेगाला जास्त डिझेल लागतं. म्हणून तळ खरवडून रंगवतात. लाकडी नावांना पूर्वापार माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेलही लावत आले आहेत.

ही कामं करायची कधी? पावसाळ्यात. बोरीत मृगाच्या पावसाची वाट पाहत तिफणी बाहेर निघतात, त्याच सुमारास किनाऱ्यावर बोटी वर ओढल्या जातात. मासे अंडी घालतात तो हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. म्हणून २०१५ पासून देशभर यांत्रिक बोटींना ६१ दिवस मासेमारीची बंदी ठरली. पश्चिम किनाऱ्यावर ती साधारण १ जून ते ३१ जुलै, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी असते.

बोट वर घेऊन झाकून ठेवण्याला कोळी बांधव ‘नाव शाकारणं’ म्हणतात. पूर्वी त्यासाठी झावळ्यांचे झाप वापरत, आता ताडपत्री असते. पण वारा खेळायला जागा ठेवावी लागते, नाहीतर आत लाकूड कुजतं. बोटीला दोन्ही बाजूंनी नीट टेकू द्यावे लागतात.

आणि इंजिन? त्याचं जुनं काळं तेल आधीच बदलतात, कारण त्यातली आम्लं आतला धातू खातात. जिथून समुद्राचं पाणी फिरतं, तिथून गोडं पाणी फिरवून मीठ धुऊन काढतात. बॅटरी काढून घरी नेतात. डिझेलची टाकी एकतर काठोकाठ भरतात, नाहीतर पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवतात. अर्धवट टाकी वाईट! गार पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तसे टाकीतल्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचे थेंब पत्र्यावर जमतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. जिथे पाणी आणि डिझेल भेटतात, तिथे सूक्ष्म जीव वाढून चिकट गाळ होतो. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू करावं, तर फिल्टर तुंबलेला!

या ६१ दिवसांत घरात मासळीचा पैसा येत नाही, पण कर्जाचा हप्ता काही सुट्टी घेत नाही. जूनमध्ये कंटाळा केला, तर ऑगस्टमध्ये शेजारच्या बोटी दर्यावर आणि आपली मेकॅनिकच्या वाटेकडे डोळे लावून, असं होतं. सुगीचे पहिले दिवसच हातचे जातात. वाफसा चुकलेल्या शेतकऱ्यासारखंच, नाही का?

तर मित्रांनो, तुमच्या शेतात किंवा ओळखीच्या कुणाच्या शेतात डिझेल इंजन असेल, तर बाबांना किंवा आजोबांना एवढंच विचारा: “इंजन बंद ठेवताना टाकीत पाणी साचलंय का ते पाहता का? तेल शेवटी कधी बदललं?” तुम्हांला हे कुठून कळलं, असं ते नक्की विचारतील. मग त्यांना साडेतेरा किलोमीटरचं गणित घालायला विसरू नका!