सोलांनी घासलेला तांब्या

कणकवलीतल्या एका घरातून गेल्या श्रावणात एक पितळी तांब्या प्रस्तुत लेखकाकडे आला. भालचंद्र महाराज दारी आले तेव्हा यातूनच पाणी प्यायले, असं घरच्यांचं सांगणं. आणण्याआधी तो कोकमाच्या सोलांनी लख्ख घासला होता. 'जुन्या वस्तू कशा जपाव्यात, सोप्या भाषेत लिहा' असा संपादकांचा फोन आला, तेव्हा तो टेबलावरच होता.

महाराजांनी १९७७ साली देह ठेवला. लंगोटीपलीकडे काही न बाळगणाऱ्या अवलियाचं स्वतःचं सामान ते काय असणार? म्हणून आठवणीच्या वस्तू भक्तांच्याच घरातल्या: बसले ती खुर्ची, जेवले ते ताट. सज्जनगडावर समर्थांचा पलंग, कुबडी, पाण्याचे हंडे एका जागी पाहता येतात. इथे तसं नाही; वस्तू घरोघरी विखुरलेल्या आणि साध्याच. शिर्डीत साईबाबांनी १९१८च्या दसऱ्याला लक्ष्मीबाई शिंदे यांना दिलेली नऊ नाणीही रोजच्या चलनातलीच.

संतांचा हात लागलेल्या वस्तू जपण्याचं हे वेड केवळ आपलं नव्हे. न्यूयॉर्कमध्ये हसिदी ज्यूंचे गुरू, लुबाविचचे रेबी श्नेरसन, १९८६पासून रविवारी भेटीला येणाऱ्याला दानासाठी एक डॉलर देत. लोक दान करत खिशातला दुसरा डॉलर. रेबींच्या हातची नोट घरी जपून ठेवत. १८१० साली वारलेल्या ब्रेस्लावच्या रेबी नाखमान यांची खुर्ची तर तुकडे करून युक्रेनमधून जेरुसलेमला नेली आणि तिथे पुन्हा जोडली.

'मशीन लावून सांगा, महाराजांचाच ना?' हा प्रश्न ठरलेला. पितळेचं कार्बन डेटिंग होत नाही, हे किती वेळा सांगायचं? धातू कोणता, घडण ओतीव की ठोकीव, एवढं कळतं. कोणाचे ओठ लागले, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

आता घासण्याचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, लिंबू, सोलं यांतलं आम्ल काळा थर काढतं, पण पृष्ठभागावरचं जस्तही नेतं. भांडं गुलाबी दिसू लागतं ते त्यामुळे. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मालकाचं नाव आणि साल दर घासणीला झिजतं. भांडं कोणत्या घरचं, याचा तोच लेखी पुरावा! या तांब्यावरचं आडनाव तिरप्या उजेडात, भिंगाखाली जेमतेम लागलं. सालातले शेवटचे दोन आकडे गेलेच.

म्हणून कधीच हात लावू नये, असंही नाही. खाऱ्या, दमट हवेत क्लोराइडची भुसभुशीत हिरवी पूड धरली, तर ती धातू खात राहते. ती काढावीच लागते. घट्ट बसलेला तपकिरी थर मात्र राहू द्यावा. हा फरक सांगता सांगता प्रस्तुत लेखकाचा घसा सुकतो आणि ऐकणारा घड्याळ बघतो.

त्या घरच्या काकींनी एकच विचारलं, "देवाकडचां भांडां काळां ठेवूचां काय?" रसायनशास्त्रात याला उत्तर नाही. संग्रहालयातली वस्तू निवृत्त असते. हा तांब्या रोज पूजेला लागतो. शेवटी सुचवलं ते इतकंच: पूजेला दुसरा तांब्या घ्या, हा मऊ सुती कापडाने कोरडा पुसा आणि महाराजांना पाणी देताना ज्यांनी पाहिलं त्या सासऱ्यांचं बोलणं मोबाइलवर नोंदवा.

नोंदीचं काकींनी कबूल केलं आहे. सोलांचं अजून नाही.